वर्गात बसले कोण होते?

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एक वेगळाच अभ्यासवर्ग सुरू झाला. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण-आलेख कारखान्यात कसा वापरावा, हे तेथे थोड्या दिवसांत शिकवले जाई. ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांची. देशभर असे वर्ग निघाले, हजारो अभियंते शिकले. युद्ध संपले, बाजारात येईल तो माल खपू लागला आणि आलेख भिंतींवरून उतरले. डेमिंग यांचे निदान असे, की शिकायला अभियंते आले, मालक आलेच नाहीत.

जुलै १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंता संघाने त्यांना टोकियोत आठ दिवसांच्या व्याख्यानांसाठी बोलावले. या वेळी त्यांनी उद्योगप्रमुखांची वेगळी भेट मागितली. संघाचे अध्यक्ष इचिरो इशिकावा हे उद्योगपतींच्या महासंघाचेही प्रमुख होते. त्यांचा शब्द कोण मोडणार? बडी मंडळी आली. व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन डेमिंग यांनी संघालाच दिले; त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले. पुढे १९६२ पासून मुकादमांसाठी काढलेले एक नियतकालिक कामगार एकत्र बसून वाचू लागले, आणि त्यातूनच गुणवत्ता मंडळे उभी राहिली. (आपल्याकडेही महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्येच येऊन गेले होते.)

अमेरिकेला डेमिंग आठवले ते १९८० मध्ये, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे. मग १९९३ साली निधन होईपर्यंत ते चार दिवसांची शिबिरे घेत राहिले. त्यांतला लाल मण्यांचा खेळ वर्गात करून पाहण्याजोगा आहे. पेटीत ८०० लाल आणि ३२०० पांढरे मणी. पन्नास खळग्यांची फळी बुडवून ‘कामगारा’ने फक्त पांढरे मणी काढायचे. लाल मणी म्हणजे सदोष माल. सरासरी दहा लाल निघणारच. दोनपासून अठरापर्यंतचा चढउतार निव्वळ योगायोगाचा. तरीही डेमिंग ‘साहेब’ बनून पाच काढणाऱ्याला शाबासकी देत, पंधरावाल्याला झापत, भिंतीवर घोषवाक्ये लावत. बहुधा पुढच्याच फेरीत शाबासकीवाला घसरे. पेटीत लाल मणी किती असावेत, हे मात्र कामगाराला कुणी विचारलेलेच नसे.