काकु, कान आणि संहिता : श्राव्यपुस्तकाच्या श्रोत्याचा अभिप्राय

'पुस्तक चांगले आहे, पण वाचणाऱ्याने घालवले.' श्राव्यपुस्तकांचे श्रोते असा अभिप्राय वरचेवर देतात. कोणाला आवाज नाटकी वाटतो, कोणाला सपाट. कोणी म्हणतो, स्त्रीपात्रांचे संवाद पुरुषाने बारीक आवाज काढून का वाचावेत. कोणाला गावाकडच्या कथेत शहरी उच्चार खटकतात. समीक्षेने अशा अभिप्रायांची दखल घेतलेली नाही. आवाज आवडणे किंवा न आवडणे ही व्यक्तिगत रुचीची बाब, तिचा संहितेच्या मूल्यमापनाशी संबंध नाही, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करायची आहे. श्रोत्याचा अभिप्राय वरकरणी आवाजाविषयी असला तरी मूलतः तो अर्थनिर्णयाविषयी असतो, आणि मराठी श्रवणपरंपरेच्या इतिहासात ठेवून पाहिल्यास त्याला समीक्षेचा दर्जा द्यावा लागतो, असे येथील प्रतिपादन आहे.

आरंभी परिभाषेचा एक घोळ दूर केला पाहिजे. मराठीत 'निवेदक' हा शब्द कादंबरीत कथा सांगणाऱ्या कल्पित व्यक्तीसाठीही वापरतात आणि ध्वनिमुद्रणात पुस्तक वाचून दाखवणाऱ्या माणसासाठीही. पुढील विवेचनात 'निवेदक' हा संहितेतला आणि 'अभिवाचक' हा संहितेबाहेरचा, असा भेद पाळला आहे. श्रोत्यांच्या पुष्कळशा तक्रारी या दोघांमधील अंतर बुजल्यामुळे किंवा नको तेवढे वाढल्यामुळे उद्भवतात.

१

वाचणाऱ्याच्या आवाजाविषयी मत देणारा श्रोता आजच निर्माण झाला, असे नाही. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'च्या सातव्या अध्यायात काव्यपठनाची चर्चा केली आहे. तेथे निरनिराळ्या प्रदेशांतील लोक काव्य कसे वाचतात याविषयी त्याने दिलेले शेरे आजच्या कोणत्याही श्रोत्याच्या शेऱ्यांइतकेच रोखठोक आहेत. काश्मिरी कवी उत्तम, पण त्यांचे पठन कानांत गुळवेलीचा रस ओतल्यासारखे. द्रविड गद्यपद्य सारेच गाऊन म्हणतात. पांचालांचे पठन मात्र कानांना मधासारखे. या शेऱ्यांत प्रादेशिक पूर्वग्रह आहे, हे उघड आहे. परंतु त्याच अध्यायात एक महत्त्वाचा सैद्धांतिक मुद्दाही आला आहे. रुद्रटाने काकुवक्रोक्तीला शब्दालंकारांत स्थान दिले होते. राजशेखराला ते मान्य नाही. काकु हा पठनाचा धर्म आहे आणि त्यामागे वाचणाऱ्याचा अभिप्राय असतो. मग तो अलंकार कसा ठरेल, असा त्याचा आक्षेप आहे.

काकु म्हणजे उच्चारातील तो स्वरभेद, ज्यामुळे तेच वाक्य विधान होते, प्रश्न होतो, उपरोध होतो किंवा नकार होतो. 'नाट्यशास्त्रा'ने तिचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार सांगितले आणि राजशेखरानेही ते स्वीकारले. ज्या उच्चारानंतर आणखी काही अपेक्षित राहते ती काकु साकांक्ष. ज्या उच्चाराने अर्थ पूर्ण होऊन थांबतो ती निराकांक्ष. पुढे मम्मटाने आर्थी व्यंजनेच्या विवेचनात काकूचा व्यंजकांमध्ये समावेश केला. म्हणजे काकु संहितेची की वाचणाऱ्याची, हा वाद आपल्या काव्यशास्त्रात हजार वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. छापील पुस्तकाने तो झाकला आणि श्राव्यपुस्तकाने तो पुन्हा उघडा केला.

२

मराठीत ग्रंथ हा दीर्घकाळ ऐकण्याचा विषय होता. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानाची मागणी आहे. 'दासबोधा'च्या पहिल्या दशकात श्रोत्यांच्या स्तवनाला स्वतंत्र समास आहे आणि चौथ्या दशकात श्रवणाला नवविधा भक्तीतील पहिले स्थान आहे. श्रीधरांचे 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ तर चातुर्मासात देवळांतून आणि घरांतून वाचले जात म्हणूनच अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोहोचले.

या श्रवणव्यवहाराच्या दोन रीती होत्या आणि त्यांतील फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. पोथी वाचणारा ओवी ठरलेल्या चालीत म्हणतो. भीमाचा क्रोध आणि द्रौपदीचा आक्रोश तो एकाच चालीत वाचतो. अर्थ सांगायचा असेल तर वाचन थांबवून सांगितला जातो. पुष्कळदा अर्थ सांगणारा माणूसही वेगळा असतो. त्यामुळे संहिता कोठे संपली आणि भाष्य कोठे सुरू झाले, हे श्रोत्याला कळते. कीर्तनकाराची रीत याहून वेगळी आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान लावताना तो पात्रांचे आवाज काढतो, हावभाव करतो, प्रसंगाला आजच्या गोष्टी जोडतो. तेथे संहिता आणि भाष्य एकजीव असतात आणि श्रोत्यालाही ते ठाऊक असते. कीर्तनाला गेलेला माणूस ग्रंथ ऐकायला गेलेला नसतो. तो बुवांचे आख्यान ऐकायला गेलेला असतो. दोन्ही रीतींचे निकष त्यामुळे वेगळे राहिले. आजच्या श्रोत्याची अडचण अशी, की श्राव्यपुस्तक पोथीचे आश्वासन देते आणि अनेकदा कीर्तन करते.

३

ध्वनिमुद्रित पुस्तकाचा पाश्चात्त्य इतिहासही याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. एडिसनने फोनोग्राफ १८७७ मध्ये सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला. मात्र त्या काळच्या ध्वनिमुद्रणात काही मिनिटांपलीकडे मजकूर मावत नसल्याने संपूर्ण कादंबरी ही अशक्य गोष्ट होती. संथ गतीने फिरणाऱ्या आणि एका बाजूला बराच अधिक मजकूर सामावणाऱ्या तबकड्या आल्यानंतर १९३४ मध्ये अमेरिकेत आणि १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंधांसाठी 'बोलकी पुस्तके' निघू लागली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ही ब्रिटनमधील उपक्रमामागची एक प्रमुख प्रेरणा होती.

ब्रिटनमधील पहिल्या बोलक्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडचे 'टायफून' आणि अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) ही कादंबरी होती. यांतील दुसरी निवड विचार करायला लावते. या कादंबरीतला निवेदक डॉक्टर शेपर्ड हाच खुनी आहे, हे अखेरीस उघड होते; तोवर त्याने खोटे फारसे सांगितलेले नसते, फक्त काही गाळलेले असते. अभिवाचकाला मात्र हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्याने आवाजात संशयाची छटा आणली तर रहस्य फुटते आणि भाबडेपणाची आणली तर श्रोत्याची फसवणूक लेखिका करत नाही, तो करतो. छापील वाक्य या दोहोंपैकी काहीच करत नाही. ते निर्विकार राहते आणि दुसऱ्या वाचनात त्याच वाक्यातून वेगळा अर्थ निघतो. म्हणजे अभिवाचनाची सर्वांत कठीण परीक्षा त्या माध्यमाच्या जन्मकाळीच घेतली गेली होती.

या पुस्तकांचे पहिले श्रोते अंध वाचक होते आणि अभिवाचकांविषयी त्यांनी आपली मते स्पष्टपणे कळवली. मॅथ्यू रुबरी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बोलक्या पुस्तकांच्या इतिहासात या मतभेदांचा मागोवा घेतला आहे. काहींना रंगवून केलेले वाचन हवे होते. पुष्कळांना मात्र अभिनय नको होता, सरळ वाचन हवे होते. या दुसऱ्या मागणीत एक हक्क सांगितलेला आहे. ब्रेल येणाऱ्या माणसाने वाक्याची काकु स्वतः ठरवलेली असते. त्याला पुस्तक हवे असते आणि त्यातला अर्थ स्वतः लावायचा असतो. दुसऱ्याच्या आवाजातून ऐकत असलो तरी आम्ही वाचकच आहोत, प्रेक्षक नव्हे, असे या मागणीतून सुचवले गेले.

४

मराठीत आधुनिक श्राव्यसाहित्याची वाट मात्र वेगळ्या अंगाने गेली. मुंबईतून १९२७ मध्ये आणि पुण्यातून १९५३ मध्ये नभोवाणी सुरू झाली. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून प्रक्षेपित झालेल्या 'गीतरामायणा'ने घरोघरी सामूहिक श्रवणाची सवय लावली. पाठोपाठ कथाकथनाचा बहर आला. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी आपल्या कथा महाराष्ट्रभर सांगितल्या. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' १९६१ मध्ये एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे त्यांच्या कथनाच्या ध्वनिफिती घरोघरी पोहोचल्या.

कथाकथनात लेखक आपली कथा वाचत नव्हता, सांगत होता. श्रोत्यांचा अंदाज घेऊन तो शब्द बदलत होता, थांबत होता, हशा ओसरेपर्यंत वाट पाहत होता. ही रीत पोथीची नव्हती, आख्यानाची होती. तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिने एक सवयही लावली. लेखकाचाच आवाज कानात बसल्यामुळे संहितेची दुसरी काकु संभवते, हेच आपण विसरलो. ज्याने पुलंचे कथन ऐकले आहे त्याला 'व्यक्ती आणि वल्ली' मनातल्या मनात वाचतानाही तोच आवाज ऐकू येतो. हे प्रेम आहे, पण वाचनस्वातंत्र्याचा संकोचही आहे.

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली आणि मराठी श्राव्यपुस्तकांचा व्यवहार वाढला, तेव्हा हाच वारसा हाताशी होता. अभिवाचक प्रामुख्याने रंगभूमी, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या क्षेत्रांतून आले. वाक्याला भाव देणे ही त्यांची कमावलेली विद्या आहे. प्रश्न असा, की ज्या संहितेने भाव मुद्दाम रोखून धरला आहे, तिचे काय करायचे?

५

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) घ्यावी. पांडुरंग सांगवीकरच्या निवेदनात 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. या 'वगैरे'ची काकु कोणती? कंटाळ्याची, थट्टेची, की दुःख बोलून दाखवणे टाळण्याची? कादंबरीचे सामर्थ्य असे, की वाचक एका पानावर हसतो आणि पुढे कधीतरी त्याच शब्दापाशी अस्वस्थ होतो. अभिवाचकाने प्रत्येक 'वगैरे' मिश्किलपणे उच्चारला तर पांडुरंग केवळ विनोदी होतो; खिन्नपणे उच्चारला तर तो स्वतःची कीव करणारा होतो. दोन्ही वाचने संहितेत आहेत, पण एकेकटी असताना दोन्ही अपुरी आहेत.

दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) प्रश्न अधिक गंभीर होतो. शिकलेला, शहरात राहणारा दया पवार आणि दगडू मारुती पवार यांच्यातील संवादातून हे आत्मकथन आकार घेते. दोघे एकच आहेत आणि एक नाहीतही. अभिवाचकाने दगडूला 'गावठी' आणि दयाला 'प्रमाण' आवाज दिला तर श्रोत्याची सोय होईल. परंतु एकाच माणसात सामावलेली फाळणी दोन पात्रांमध्ये वाटून टाकली जाईल. शिवाय 'गावठी' आवाज म्हणजे नेमका कोणाचा आवाज? अनेकदा तो चित्रपटांनी आणि नाटकांनी घडवलेला, कोणत्याही गावात न बोलला जाणारा आवाज असतो. अशा वेळी नगर जिल्ह्यातला एखादा श्रोता 'आमच्याकडे असे बोलत नाहीत' म्हणतो, तेव्हा तो प्रतिनिधित्वाच्या राजकारणावरच बोट ठेवत असतो. राजशेखराने शेरे मारले ते केंद्रातून परिघाकडे पाहत. येथे परिघ केंद्राला शेरा देत आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मूक वाचनातही वाचक मनात काकु लावतोच; काकुविरहित वाचन अस्तित्वातच नाही; मग अभिवाचकावर दोष का? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. वोल्फगांग इझरने संहितेतील ज्या रिक्त जागांची चर्चा केली त्या वाचकच भरतो. परंतु मूक वाचक पुनर्वाचनात आपली काकु बदलू शकतो. ध्वनिमुद्रण मागे नेऊन कितीही वेळा ऐकले तरी काकु तीच राहते. 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसाची लेखनाविषयी तक्रार आहे, की त्याला काहीही विचारले तरी ते तेच ते सांगते. ही तक्रार आज लेखनापेक्षा मुद्रित आवाजाला अधिक लागू पडते. हा आवाज बोलतो, पण संवाद करत नाही. पोथीच्या वाचनात श्रोता अर्थ विचारू शकत होता. ती सोय येथे नाही. तिची भरपाई श्रोता अभिप्राय देऊन करतो.

६

हा प्रश्न केवळ फावल्या वेळेतील श्रवणाचा असता तर त्याला एवढे महत्त्व द्यायचे कारण नव्हते. आपल्या विद्यापीठांतून दृष्टिहीन विद्यार्थी मराठी साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास करतात. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मुभा मिळाली; माराकेश कराराला २०१४ मध्ये संमती देणारा भारत हा पहिला देश होता. पुस्तक उपलब्ध होण्याचा कायदेशीर मार्ग असा मोकळा झाला. परंतु ज्या विद्यार्थ्यापर्यंत 'कोसला' एकाच अभिवाचकाच्या आवाजात पोहोचते, त्याला परीक्षेत पांडुरंगच्या निवेदनातील उपरोधाविषयी विचारले जाते, तेव्हा तो कोणाच्या उपरोधाविषयी लिहितो? नेमाड्यांच्या, की अभिवाचकाच्या? संगणकाचा यांत्रिक आवाज काही श्रोत्यांना मानवी आवाजापेक्षा बरा वाटतो, यामागे त्यांची अरसिकता नसते. तो आवाज अर्थ सांगायला जात नाही, एवढेच त्यांना हवे असते.

चांगल्या अभिवाचनाचा निकष यातून मिळू शकतो आणि त्यासाठी परकी परिभाषा उसनी आणण्याचीही गरज नाही. संहितेने जेथे वाक्य साकांक्ष ठेवले आहे, तेथे अभिवाचकाने ते निराकांक्ष करू नये. याचा अर्थ सपाट वाचावे असा नाही. पोथीची चालही सपाट नसते. आवाजात ऊब असावी, लय असावी, उच्चारात त्या त्या बोलीचा अभ्यास असावा. फक्त अर्थाचे दार वाचणाऱ्याने लावून घेऊ नये. विनोदी कथेला आख्यानाची रीत शोभेल, आत्मकथनाला कदाचित पोथीची. कोणत्या संहितेला कोणती रीत, हा निर्णय समीक्षेचा आहे आणि आज तो समीक्षेच्या अनुपस्थितीत घेतला जात आहे.

म्हणून श्रोत्यांच्या अभिप्रायांकडे साहित्यव्यवहाराची साधने म्हणून पाहिले पाहिजे. एकाच उताऱ्याची दोन-तीन अभिवाचने वर्गात ऐकवून कोणत्या शब्दापाशी अर्थ बदलला याची चर्चा करणे, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना एकाच संहितेचे एकाहून अधिक आवाज उपलब्ध करून देणे, श्राव्यपुस्तकांच्या परीक्षणांत अभिवाचनाचे सकारण मूल्यमापन करणे, ही कामे विद्यापीठीय मराठी विभागांच्या आवाक्यातली आहेत. समर्थांनी ग्रंथारंभीच्या स्तवनांत श्रोत्यांना कवींच्या आधी स्थान दिले आहे. 'वाचणाऱ्याने घालवले' असे श्रोता म्हणतो, तेव्हा काय गमावले हे त्याला निदान जाणवलेले असते. ते नेमके काय होते, हे त्याच्याकडून समजून घेणे हे समीक्षकाचे काम आहे.