टाकीतली गणेशी, ओवीतला गणेश

सणसरच्या पालखीतळावर उभे राहा. चहूकडे ऊस, पलीकडे भवानीनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं. आता काळ मागे सरकू द्या. धुराडं नाहीसं होतं. १८८५चा नीरा डावा कालवा जातो, त्याच्यामागोमाग ऊसही. उरतं कोरडवाहू माळरान. पालखी नाही, तुकोबांच्या जन्मालाच अजून तीनशे वर्षं आहेत. देवगिरीवर यादवांचं राज्य आहे.

वायव्येची वाट धरा. माळशिरस गावाजवळच्या टेकडीवर भुलेश्वराचं देऊळ उभं राहतंय. घुमट वगैरे पुढच्या काळातले. आत्ता आहे तो नुसता काळा पाषाण आणि टाकीचा अखंड आवाज. एका पट्टीवर शरपंजरी भीष्म पडले आहेत. याच शय्येवरून ते युधिष्ठिराला राजधर्म सांगणार आहेत. पाथरवटानं योद्ध्यासोबत एक विचारवंतही कोरला आहे.

आता वर, मातृकांच्या ओळीकडे बघा. एकीला सोंड आहे, आणि देह स्त्रीचा. खाली इवलासा उंदीर. ही वैनायकी, गणेशाची शक्ती. ब्रह्मदेवाची ब्राह्मी, महेश्वराची माहेश्वरी, तशीच ही विनायकाची. देवाचं सामर्थ्य स्त्रीरूपात बघायची या कारागिरांना सवयच आहे, म्हणून तिच्या चेहऱ्यावर कसलंही नवल नाही. ती निवांत बसली आहे.

इथून प्रवरेकाठी नेवाशाला चला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानेश्वर सांगताहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. आरंभीच गणेशाला नमन आहे, आणि तुमच्या कानांसमोर मूर्ती घडू लागते. दोन मीमांसा हे तिचे कान. सरळ सोंड म्हणजे निर्मळ विवेक. हातातला परशू म्हणजे तर्क, मोदक म्हणजे वेदांताचा रस. खंडन झालेलं बौद्धमत हा मोडका दात. सहा दर्शनं सहा हातांत वाटली आहेत. एकमेकांशी भांडणारी ही मतं एकाच देहाचे हात होऊन बसतात! विशीही न गाठलेल्या मुलानं अख्खा वाद-प्रतिवाद देवाच्या अंगावर चढवला आहे.

टेकडीवर टाकी, नेवाशात ओवी; काम एकच. विचार डोळ्यांना दिसावा, हाती धरता यावा, म्हणून त्याला देह द्यायचा. आपले देव हे नुसते नवसाचे धनी नाहीत, ती आपली विचार करायची रीतही आहे.

आज भुलेश्वरला गेलात तर अनेक मूर्तींचे चेहरे, हात फुटलेले दिसतील. तरी घाई करू नका. तेल, शेंदूर, खडू काही लावू नका. प्रत्येकीच्या हातात काय आहे आणि का आहे, एवढं विचारा. मोदक आपण दरवर्षी मनापासून करतो. त्याच देवाच्या दुसऱ्या हातात तर्काचा परशू आहे, आणि त्याला धार लावायचं कामही भक्तांचंच आहे.