छतावरचे युनिट आणि घड्याळ

छतावरच्या सोलरचा हिशेब बहुतेक जण किलोवॉटमध्ये करतात: किती बसवले, किती खर्च आला, किती वर्षांत वसूल होणार. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मात्र हा हिशेब घड्याळ समोर ठेवून करावा लागतो. वीज तयार होण्याची आणि वापरण्याची वेळ जितकी जुळेल, तितके त्या युनिटचे मोल जास्त.

आधी मूळ क्रिया पाहू. सिलिकॉनच्या सेलवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि सेलमधल्या दोन थरांच्या सीमेवरचे विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेला ढकलते. प्रकाशाचा हा विद्युत परिणाम फ्रान्समध्ये एडमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये नोंदवला. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉन सेल अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. एका सेलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. म्हणून सेल जोडून पॅनल, पॅनल जोडून माळ, आणि माळेतला डीसी प्रवाह एसी करायला इन्व्हर्टर. माळेतल्या एका पॅनलवर टाकीची सावली आली तरी फटका त्या पॅनलपुरता राहीलच असे नाही. बायपास डायोड नुकसान आटोक्यात ठेवतो, भरून काढत नाही.

ही क्रिया प्रकाशावर चालते. उष्णता तिला मारकच आहे. पॅनलची क्षमता सेलचे तापमान २५ अंश धरून ठरवलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. एप्रिलच्या दुपारी शेडच्या तापलेल्या पत्र्यालगत पॅनल ६५ अंशांवर गेले, तर १४ टक्के वीज तिथेच गेली. पत्रा आणि पॅनल यांच्यात वारा खेळायला जागा ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. भोसरीत ग्राइंडिंगची धूळ आणि भट्ट्यांची काजळी बसते, तेव्हा धुण्यासाठी पाणी आणि चालायला वाटही आराखड्यातच हवी.

उत्पादनाचा अंदाज याच पट्ट्यातल्या उदाहरणावरून बांधता येतो. चिखलीच्या टाटा मोटर्स कारखान्यात २०२१ मध्ये टाटा पॉवरने वाहनतळावर ६.२ मेगावॉटचे सौरछत उभारले. त्यातून वर्षाला ८६.४ लाख युनिट मिळतील, असे तेव्हा जाहीर झाले. भागाकार केला की किलोवॉटमागे वर्षाला सुमारे १,३९० युनिट येतात, म्हणजे रोजचे पावणेचारच्या आसपास. ही वर्षाची सरासरी आहे. पावसाळ्यात आकडा बराच खाली जातो, म्हणून मार्चच्या बिलावरून वर्षाचा नफा मांडणाऱ्या कोटेशनवर विश्वास ठेवू नये.

कारखान्याची पहिली पाळी आणि सूर्य यांचे चांगले जमते. मशीन चालू असताना तयार होणारी वीज तिथल्या तिथे खपते. अडचण गुरुवारची. या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि सूर्याला सुट्टी नाही. वर्षाच्या उत्पादनाचा जवळजवळ सातवा भाग बंद शेडवर तयार होतो. तो दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरमधून महावितरणच्या जाळ्यात जातो. पण उद्योगांना वेळेनुसार वेगवेगळा दर असतो. दुपारी जाळ्यात दिलेले युनिट आणि संध्याकाळी घेतलेले युनिट एकाच भावाचे धरून केलेला हिशेब फसतो.

आणखी एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. इन्व्हर्टर बहुधा फक्त सक्रिय शक्ती पुरवतो. मोटारींना लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती जाळ्यातूनच येत राहते. त्यामुळे मीटरवरचा पॉवर फॅक्टर घसरतो. उच्चदाब ग्राहकाचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे सक्रिय आणि रिअ‍ॅक्टिव्ह दोन्ही धरून, निघते, तेव्हा कपॅसिटर पॅनल नव्याने जुळवले नाही तर बचतीतला काही भाग परत जातो. दुसरीकडे, सौरसंचावर आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो, आणि नफ्यातल्या उद्योगाला तो मोठा आधार आहे.

घराचे गणित उलटे. वापर संध्याकाळचा, उत्पादन दुपारचे; मधला पूल नेट मीटरचा. घरगुती दर टप्प्यांचा असल्याने वजा होणारी युनिट आधी सर्वांत महाग टप्प्यातून जातात, म्हणून जास्त वापराच्या घराला लाभ जास्त. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. मोशी, वाकडच्या उंच सोसायट्यांत फ्लॅटमागे येणारे छत फार थोडे. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरवर संच बसवणेच शहाणपणाचे. त्यासाठी किलोवॉटला १८,००० रुपये वेगळे अनुदान आहे.

लाइट गेली की सोलर असूनही अंधार का, हा प्रश्न संच बसल्यावर पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून जाळे बंद होताच साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद होतो. वीज चालू ठेवायची तर बॅटरीसह हायब्रिड संच लागतो, आणि खर्च वाढतो.

या सगळ्यात सर्वांत मागे राहतो तो भाड्याच्या गाळ्यातला लघुउद्योजक. लेथ त्याचे, बिल त्याचे, छत मात्र मालकाचे. संच पंचवीस वर्षे चालतो, भाडेकरार त्याच्या अंशानेही चालत नाही. मालकाने संच बसवायचा आणि भाडेकरूने ठरलेल्या दराने वीज घ्यायची, ही तरतूद भाडेकरारातच लिहिली गेली, तर भोसरी-तळवड्याच्या कितीतरी छतांचा प्रश्न सुटेल.