सासरी गेलेली नावे

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लाल पुठ्ठ्याचे एक जाडजूड पुस्तक असते. त्यास जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलीचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिवस हे सर्व त्यात एका आडव्या ओळीत लिहिलेले असते, आणि ओळीच्या अखेरीस ‘शाळा सोडण्याचे कारण’ व ‘शेरा’ असे दोन रकाने असतात. मी ज्या मुलींच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकविले, तेथील जुन्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द आढळे: ‘लग्न’. शेऱ्याचा रकाना बहुधा कोराच असे.

१९९६ साली आमच्या शाळेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. समारंभास माजी विद्यार्थिनींना बोलवावे असे ठरले व ते काम मजकडे आले. मी रजिस्टर समोर ठेवून, वडिलांच्या नावावरून व घराच्या पत्त्यावरून, तीनशे पोस्टकार्डे लिहिली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कार्डे ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा मिरवीत परत आली. बाकीच्यांतील बहुतेक कार्डांना उत्तरच आले नाही. एका कार्डास मात्र उत्तर आले, ते थरथरत्या, म्हाताऱ्या अक्षरात. मुलीच्या वडिलांनी लिहिले होते, की आमची मुलगी बारा वर्षांमागे वारली, तरीही शाळेने तिची आठवण ठेविली म्हणून समाधान वाटले. ते कार्ड हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसून होतो. मी तिची आठवण ठेविली नव्हती; मी केवळ रजिस्टरातील एक ओळ उतरून काढिली होती.

मुलांच्या शाळेस ही अडचण पडत नाही. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस जावो की नागपुरास, त्याचे नाव तेच राहते, घराणे तेच राहते, आणि गावी कोणीतरी ‘अमक्याचा थोरला’ म्हणून त्याचा ठिकाणा सांगणारे असते. मुलीचे आडनाव जाते, गाव जाते, आणि आपल्याकडे पुष्कळदा जन्मनावही जाते. रमाबाई रानडे माहेरी यमुना कुर्लेकर होत्या. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. पुढच्या पिढीतील बाळूताई खरे यांचे पाहा. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या तिसऱ्याच नावाने. एका बाईची तीन नावे! त्यांतले शाळेच्या वहीत सापडावयाचे ते केवळ पहिले. बाकीची दोन जगास ठाऊक, परंतु रजिस्टरास नाहीत.

या विस्मृतीचा सर्वांत हृदयस्पर्शी दाखला आपल्या स्त्रीशिक्षणाच्या अगदी आरंभीच सापडतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढिली व पुढील काही वर्षांत आणखी शाळा काढिल्या. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखांविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. त्या निबंधातील प्रश्न इतके रोखठोक आहेत, की आजही वाचणारा खाली मान घालतो. असे लिहिणारी ती मुलगी पुढे कोठे गेली, तिचे लग्न कोणत्या घरी झाले, तिने पुन्हा लेखणी हाती धरिली किंवा नाही, याची नोंद इतिहासाने ठेविलेली नाही. शाळा होती, शिक्षक थोर होते, विद्यार्थिनीही असामान्य होती. तुटला तो शाळेनंतरचा धागा.

पुण्याची हुजूरपागा ही शाळा १८८४ साली सुरू झाली. पेशव्यांच्या खासगीकडील घोड्यांची पागा जेथे होती, त्या जागेवरून शाळेस हे नाव पडले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक, सर विल्यम वेडरबर्न प्रभृती मंडळींनी ती उभी केली. मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी विनंती करणारे इंग्रजी मानपत्र गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांपुढे रमाबाई रानड्यांनी वाचून दाखविले, आणि त्यापायी घरच्या बायकांचे कठोर बोल त्यांना कसे ऐकावे लागले, हे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात आहे. शाळा निघाली तरी वाद शमला नाही. मुलींना काय शिकवावे, किती वेळ शाळेत बसवावे, यावरून टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने १८८७ साली टीका केली. त्या वादाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे, की मुलगी शाळेत यावी यासाठी एवढी रणे माजली, परंतु शाळेतून गेलेल्या मुलीचे पुढे काय, हा प्रश्न त्या धुमश्चक्रीत फारसा कोणी विचारला नाही. विचारणार तरी कसा? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले, तेही पुष्कळांना जाचक वाटले होते. त्याआधीच्या मुली चौथी-पाचवीतूनच सासरी जात. ज्यांचे शिक्षणच अर्धवट राहिले, त्यांना ‘माजी विद्यार्थिनी’ म्हणावयाचे कोणी?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो अशा ठिकाणी, जेथे मुलींना जावयास सासरच उरले नव्हते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडिले व पुढील वर्षी ते पुण्यास आणिले. तेथे प्रथम दाखल झालेल्या विधवांमध्ये गोदूबाई ही कोकणातील मुलगी होती. बालपणीच लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले, अशी तिची कहाणी. पुढे १८९३ साली, योगायोगाने ११ मार्च रोजीच, धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. याच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. या विवाहाबद्दल मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्याच मुरुडासाठी, गावाबाहेर चाकरीस गेलेल्या गावकऱ्यांनी आपल्या मिळकतीतून काहीतरी पाठवावे म्हणून, ‘मुरुड फंड’ काढणारे कर्वेच होते, हे येथे सांगितले पाहिजे. दूर गेलेल्या माणसाचा मूळ ठिकाणाशी संबंध कसा राखावा, याचा विचार त्या गृहस्थाच्या मनात फार पूर्वीपासून घोळत असावा असे मला वाटते.

कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढिला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन आटोपून पुण्याहून हिंगण्यास पायी जात, ही गोष्ट आपण शालेय पुस्तकांतून वाचलेली आहे. मला त्याहून पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. पार्वतीबाई या बायांच्या भगिनी. जन्म देवरूखचा, १८७० चा. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. वयाच्या पंचविशीनंतर त्या कर्व्यांकडे येऊन अक्षरे गिरवू लागल्या. शिक्षण झाल्यावर त्या आश्रम सोडून गेल्या नाहीत. आश्रमातल्या मुलींची देखरेख त्यांनी पत्करिली आणि मग झोळी घेऊन संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागू लागल्या. १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असता, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरिले, इंग्रजी शिकून घेतले, आणि संस्थेसाठी पैसे जमवून परत आल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली निघाली; दोनच वर्षांनी तिचे इंग्रजी भाषांतर झाले.

पार्वतीबाईंना स्नेहसंमेलनाचे निमंत्रण धाडण्याची गरज हिंगण्यास कधी पडली असेल काय? ज्या संस्थेने शिकविले तिचेच काम त्यांच्या अंगावर पडले होते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात काढिलेल्या सेवासदनाचेही असेच झाले. तेथे शिकलेल्या बायका शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडल्या, आणि त्यांच्या कामावरूनच संस्थेची ओळख गावोगाव पटली. हिंगण्याचा भाऊबीज निधी मला याच जातीचा वाटतो. संस्थेतील मुलींना बहिणी मानून दिवाळीत ओवाळणी घालावी, ही कल्पना कोणा हिशेबनिसाच्या डोक्यातून निघणे शक्य नाही. वर्गणी देणारा पुढील वर्षी विसरतो; भाऊ विसरत नाही, निदान विसरल्यास त्यास लाज तरी वाटते.

आणखी एक धागा सांगतो. इरावती करमरकर ही १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली मुलगी. तिचे नावच तेथील इरावती नदीवरून ठेविलेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडिले. तेथे रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला हिच्याशी तिची मैत्री जडली आणि त्या मैत्रीतून परांजप्यांच्या घरचे दार तिला उघडले. ती त्यांच्याच घरी मुलीसारखी वाढली. पुढे तिचे लग्न बाया कर्व्यांचे पुत्र दिनकरराव यांच्याशी झाले. म्हणजे शारदासदनाची विद्यार्थिनी सासू आणि हुजूरपागेची विद्यार्थिनी सून, असा योग एका घरात जुळून आला. ‘युगान्त’कर्त्या इरावतीबाईंचे सर्व आयुष्य एका शालेय मैत्रीने वळविले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. शाळा विसरते, परंतु बाकावर शेजारी बसलेली मैत्रीण विसरत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

आमच्या शाळेचेच पाहा. पोस्टकार्डांची ती फजिती झाल्यानंतर काही दिवसांनी एक बाई शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आल्या. माजी विद्यार्थिनी शाळेच्या पायऱ्या पुन्हा चढते ती बहुधा याच कामासाठी. कोठल्याशा कचेरीत जन्मतारखेचा पुरावा लागतो म्हणून. दाखला तयार होईपर्यंत मी त्यांना सहज वर्गातील इतर मुलींविषयी विचारिले. तासाभरात त्यांनी एकोणीस जणींचा ठिकाणा सांगितला: कोण इचलकरंजीस, कोण इंदुरास, कोणाचे यजमान रेल्वेत, कोणाला जुळे झाले. एकही पत्ता त्यांनी कागदात पाहिला नाही. तीनशे कार्डांनी जे साधले नाही, ते एका बाईच्या स्मरणाने साधले.

मग आम्ही उत्साहाने पुढची चूक केली. ती चूक माझीच होती, म्हणून सांगतो. पुढील संक्रांतीस शाळेत माजी विद्यार्थिनींचा मेळावा भरवावयाचे ठरले, आणि बायका आवर्जून याव्यात म्हणून मी निमंत्रणावर ‘हळदीकुंकू व तिळगूळ समारंभ’ असे छापिले. दीडशे बायका आल्या. अंगण गजबजले, वाणे लुटली गेली, जुन्या शिक्षिकांच्या डोळ्यांत पाणी आले. सायंकाळी शिपाईबाईने माझ्या हाती एक पाकीट दिले. त्यात शाळेसाठी म्हणून एकशे एक रुपये होते. पाकीट देणारी बाई फाटकापर्यंत आली होती. आत काय चालले आहे हे पाहून परत गेली. पाकिटावरील नाव वाचताच मी ओळखले. तिच्या वर्गात गणितात तिचा हात धरणारी दुसरी मुलगी नव्हती. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते.

मी दरवर्षी इतिहासाच्या तासाला कर्वे, पंडिता रमाबाई, पार्वतीबाई हे सर्व शिकवीत आलो होतो. मुलींची शिक्षणसंस्था विधवांसाठी उभी राहिली, हे फळ्यावर सनावळीसह लिहून देत होतो. आणि आमच्याच शाळेच्या दारातून आमचीच विधवा विद्यार्थिनी माझ्या छापलेल्या निमंत्रणामुळे माघारी गेली! दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिने चहा केला, मुलाची प्रगती सांगितली, मेळाव्याचा विषय काढिला नाही. शेवटी मीच काढिला. तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, बोलावणे कुंकवाचे होते. शाळेचे असते तर आत आले असते.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही.

पुढल्या वर्षीपासून मेळावा आम्ही उन्हाळी सुटी लागण्यापूर्वीच्या शनिवारी ठेवू लागलो. निमंत्रणावर केवळ ‘आपल्या शाळेत या’ एवढेच छापिले. वाण बंद केले. त्याऐवजी जुन्या वर्गांत, जुन्या बाकांवर, ज्या त्या वर्गाने बसावे व हजेरी माहेरच्या नावाने घ्यावी असे ठरले. पन्नाशीची बाई आपले माहेरचे संपूर्ण नाव ऐकून ‘हजर’ म्हणते, तेव्हा तिचा आवाज नकळत बारीक होतो. मी कित्येकदा ऐकला आहे.

ती गणितातील बाई त्या वर्षी आली. येताना तिने एक शाळकरी वही आणिली होती, आणि तिच्यात तिच्या वर्गातील सव्वीस मुलींची माहेरची व सासरची नावे समोरासमोर, व्यवस्थित रेघा आखून लिहिली होती. तिघींच्या नावांपुढे तिने काहीच लिहिले नव्हते. त्यांचा शोध चालू आहे, असे म्हणाली. ती वही घेऊन मी कार्यालयात गेलो आणि जनरल रजिस्टर काढून शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात एकेकीचे सासरचे नाव उतरू लागलो. पेन्सिलीने, कारण त्या पुस्तकात वरिष्ठांच्या परवानगीवाचून शाईने अक्षर घालण्याची मुभा मुख्याध्यापकासही नसते.