खडू, फळा आणि अंगठा

नोव्हेंबर उजाडला की शहागडच्या आमच्या शाखेत पेन्शनरांची रीघ लागते. आपण अजून हयात आहोत, हे सिद्ध करायला ते येतात. माणूस समोर बसून पंख्याचा वेग वाढवायला सांगतो, एवढा पुरावा बँकेला पुरत नाही. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आल्यापासून अंगठा लागतो.

त्या दिवशी रांगेत माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी निघाले. मी मशीन पुढे सरकवलं आणि सवयीनं म्हणालो, "गुरुजी, अंगठा लावा."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, अख्ख्या गावाला मी अंगठ्यावरून सहीवर आणलं. आणि तू मला अंगठा लावायला सांगतोस?"

लावला बिचाऱ्यांनी. तीनदा लावला. मशीन म्हणे, हा अंगठा तुमचा नाही. तीस-पस्तीस वर्षं खडू धरून त्यावरच्या रेषाच पुसल्या असाव्यात. मी मनात म्हटलं, मास्तर आणि यंत्र यांचं कधी जमलंय?

पण मशीन बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत मला वेळ होता. बी.कॉम. झालेल्या माणसानं इतिहास सांगू नये हे खरं, पण जमाखर्च मांडायला कुणाची हरकत नसावी. तर मांडतो.

पहिली नोंद धूळपाटीची. जुन्या काळी पंतोजी पाटावर धूळ पसरून मुलांकडून अक्षरं गिरवून घेत. असाच प्रकार मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्यानं पाहिला. मलबारी मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढत होती. त्यानं ती युक्ती उचलली, १७९७ साली लंडनला आपल्या प्रयोगावर पुस्तक काढलं, आणि वाळूची पाटी इंग्लंडातल्या शाळांत जाऊन पोचली. म्हणजे शाळेचं तंत्रज्ञान आपण एकदा निर्यात केलेलं आहे; फक्त पावती घ्यायची राहिली.

दुसरी नोंद १९८७ ची. त्या वर्षी सरकारची खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य, असा बेत होता. आमच्या शाळेतही एक पेटी आली. तिच्यात नकाशे होते, लोहचुंबक होता आणि पृथ्वीचा निळा गोल होता. गुरुजींनी तो गोल कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली. पृथ्वी गोल आहे, हे आम्ही कपाटाच्या फटीतून शिकलो.

तिसरी नोंद टीव्हीची. मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम करायला १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' निघाली. पुढे आमच्याकडेही एक टीव्ही आला, पण वीज यायची ती शाळा सुटल्यावर. टीव्हीवर झाकलेला क्रोशाचा रुमाल तेवढा मी नीट पाहिला. ती 'बालचित्रवाणी'ही २०१७ साली बंद पडली.

गुरुजी यंत्राला भितात, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. मग बँकेत लागलो आणि एक दिवस हे अंगठ्याचं मशीन डेडस्टॉक रजिस्टरात माझ्या नावावर चढलं. त्या दिवसापासून मी कुणाला त्याच्याजवळ फिरकू देत नाही. तेव्हा उमजलं की गुरुजींना भीती यंत्राची नव्हती, रजिस्टराची होती. उद्या एखाद्या पोरानं पृथ्वी फोडली असती, तर भरपाई कुणाच्या पगारातून झाली असती?

जमेची बाजूही याला साक्ष आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्रमिक पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. धडा मोबाइलवर ऐका, बघा! २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. (हे ऐकून आमच्या शाखेत क्षणभर सन्नाटा पसरला होता.) त्याच वर्षी शाळांना टाळी लागली. सोलापूरच्या नीलमनगरात घरोघरी मोबाइल नव्हते, तेव्हा शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. यंत्र असो की भिंत, मास्तरच्या हाती मोकळेपणानं दिली की तो तिचा फळा करतो.

"झालं का रे तुझं मशीन सुरू?" गुरुजींनी विचारलं.

"नाही, गुरुजी."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चेहऱ्यासमोर धरला, त्यानं सांगितलं तसे डोळे मिचकावले आणि पडदा माझ्यापुढे केला. सरकारदरबारी गुरुजी जिवंत झाले होते! मग ते बाकाकडे वळले. पाच-सहा म्हातारे तिथं ताटकळत होते. गुरुजींनी त्यांना एका ओळीत बसवलं आणि तोच जुना आवाज शाखेत घुमला, "मान सरळ. डोळे उघडा. मिटा. उघडा. पाटील, हसू नका!"

अर्ध्या तासात रांग संपली. जाता जाता गुरुजी माझ्या टेबलाशी थांबले.

"हे मशीन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या, गुरुजी. डेडस्टॉकला."

"मग कपाटात ठेव," ते म्हणाले, "आणि किल्ली जपून बांध."