यज्दचा मोहल्ला

नववीच्या वर्गात भिंतीवर इराणचा नकाशा लावून मी शिकवीत होतो. दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत या दोन वाळवंटांच्या मध्ये यज्द नावाचे शहर आहे, तेथे वर्षाकाठी जेमतेम ५० ते ६० मिलिमीटर पाऊस पडतो, उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, एवढे सांगून होताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तिथे माणसे राहतात तरी कशाला?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. यज्दमध्ये माणसे हजार वर्षांहून अधिक काळ राहिली, आणि ती निरुपायाने राहिली असेही नाही. १२७२ साली मार्को पोलो तेथून गेला तेव्हा तेथील रेशमी कापडाचा बोलबाला होता. तासाच्या घंटेमुळे राहून गेलेले उत्तर आज लिहीत आहे.

प्रथम पाण्याविषयी. यज्दच्या नैर्ऋत्येस शिरकूह हा ४००० मीटरांहून उंच पर्वत आहे. त्याचा बर्फ वितळून जमिनीत मुरतो. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, पाणी लागले की तेथून शहराकडे अगदी अल्प उताराचे भुयार न्यायचे, आणि वाटेत ठिकठिकाणी माती काढण्यासाठी व हवा येण्यासाठी उभ्या विहिरी पाडायच्या. ही झाली कनात. (आपल्याकडे कनात म्हणजे मांडवाची कापडी भिंत, ही कनात निराळी.) पाणी आपल्याच उताराने वाहते, उन्हात आटत नाही, आणि उपसण्यासाठी बैल लागत नाही की इंजीन लागत नाही. यज्दखालून जाणारी जार्चची कनात ७० किलोमीटरांहून अधिक लांब आहे. भुयारात दिव्याच्या उजेडात ओणव्याने खणणाऱ्या कारागिरास मुकन्नी म्हणत. उतार जास्त झाला तर पाणी भुयार खरवडून टाकते, कमी झाला तर तुंबते. अल-करजी या गणितज्ञाने अकराव्या शतकात जमिनीखालच्या पाण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात ही मोजमापे दिली आहेत. गणिताचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आलेले पाणी वाटायचे कसे? लग्नाची घटिका साधण्यासाठी आपल्याकडे जे घटिकापात्र वापरीत, तसेच तळाला भोक असलेले वाडगे पाण्यावर सोडत. ते बुडाले की एक माप झाले. कोणाची किती मापे हे ठरलेले असे, आणि मीराब नावाचा मनुष्य त्यावर देखरेख ठेवी. येथे मन आपोआप आपल्या कोकणाकडे वळते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाडीवाडीतून टँकरची वाट पाहिली जाते. पाऊस कोणाकडे जास्त, हे पुस्तकात असते. पाणी कोणी जपले, हे नसते.

आता मोहल्ल्यात शिरू. फहादान हा यज्दच्या सर्वांत जुन्या मोहल्ल्यांपैकी एक. बारा इमामांच्या नावाची अकराव्या शतकातील घुमटाची इमारत येथेच आहे. गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या, दोन्ही बाजूंना गवत मिसळलेल्या मातीने लिंपलेल्या उंच भिंती. त्यामुळे दिवसभर एका तरी भिंतीची सावली मिळते आणि वाळूचे वादळ सरळ आत घुसत नाही. मधून मधून गल्लीवर कमानींचे छत असते, त्याला साबात म्हणतात. दारावर दोन कड्या, एक जड आणि एक हलकी. आवाजावरून बाहेर पुरुष आहे की स्त्री, हे आतल्यांना कळे.

घराच्या मध्यभागी अंगण, अंगणात हौद आणि डाळिंबाची झाडे. उन्हाळ्यात कुटुंब घराच्या सावलीच्या बाजूला राही, थंडीत उन्हाच्या बाजूला. भर दुपारी तळघरात आणि रात्री गच्चीवर, असा घरातल्या घरातच मुक्काम हले. छपरावर बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा. वरच्या झरोक्यांतून शिरलेला वारा आतल्या पडद्यांमधून खाली उतरतो, हौदावरून फिरून खोली थंड करतो. वारा पडला तर तोच मनोरा आतली गरम हवा वर ओढून घेतो. दौलताबाद बागेतला अठराव्या शतकातील बादगीर ३३ मीटरांहून उंच आहे. आपल्यापैकी ज्यांचे वडील वा भाऊ आखाती देशांत नोकरीला आहेत, त्यांना वाळवंट ठाऊक आहे ते बंद खिडकीच्या एअरकंडिशनमधून. तेथेही किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत बादगीर होते.

मोहल्ल्याची मशीद, हमाम, छोटा बाजार आणि पायऱ्या उतरून जायचे घुमटाचे पाण्याचे टाके, सारे चालत जाण्याच्या अंतरावर. टाके थंडीत भरून ठेवीत आणि त्यावरही बादगीर असे. यज्दमधील एका टाक्यावर तर सहा आहेत.

एवढेच लिहून थांबलो तर चित्र अर्धवट राहील. यज्दमध्ये मुसलमानांबरोबर यहुदी आणि जरथुश्ती लोकही पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पाणी तेच, ऊन तेच. पण जरथुश्ती लोकांवर जिझिया होता, त्यांच्या घरांच्या उंचीवर बंधन होते. नेपियर माल्कम हा पाद्री यज्दमध्ये पाच वर्षे राहिला. त्याच्या १९०५ च्या पुस्तकात लिहिले आहे, की जरथुश्ती माणसास घरावर बादगीर बांधण्याची मनाई होती. १९०० साली एका मोठ्या व्यापाऱ्याने गव्हर्नरास आणि मुख्य धर्मशास्त्र्यास मोठा नजराणा दिला तेव्हा त्याला परवानगी मिळाली. वारा हा कोणाच्या मालकीचा असू शकतो, हे वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. आपल्याच लोकांनी केलेल्या अन्यायाची नोंद आपल्याच स्मरणिकेत घ्यावी, असे मला वाटते.

मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठविले. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. तोवर अनेक कुटुंबांनी मुंबईची वाट धरली होती, पुढेही धरली. आपण मुंबईत कोपऱ्यावरच्या ज्या इराण्याकडे पानी-कम चहा आणि ब्रून-मस्का मागितला, त्याचा आजा बहुधा यज्द किंवा केरमानकडचाच. यज्दचे १९३४ मधील अग्निमंदिरही मुंबईकर पारशांच्या पैशाने उभे राहिले.

विसाव्या शतकात मोहल्ला सोडण्याची पाळी इतरांवरही आली. नळ आले, मोटारी आल्या, आणि मोटार गल्लीत शिरेना. सधन कुटुंबे रुंद रस्त्यांवरच्या नव्या घरांत गेली. खोल विहिरींवर पंप बसले, भूजल उतरले आणि कित्येक कनाती कोरड्या पडल्या. २०१६ मध्ये इराणच्या ११ कनाती आणि २०१७ मध्ये यज्दचे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आले, तेव्हा बऱ्याच जुन्या घरांची हॉटेले झालेली होती. दरम्यान यज्दला इस्फहानच्या झायंदे नदीतून नळाने पाणी आणले गेले. इस्फहानच्या शेतकऱ्यांची शेते कोरडी राहू लागली, आणि २०१३ साली चिडलेल्या शेतकऱ्यांनी त्या नळयोजनेचीच मोडतोड केली. ते वाडगे आणि तो मीराब तेव्हा केव्हाच मोडीत निघाले होते.