एपिंगचे अरण्य : चराईच्या हक्कातून सार्वजनिक भूमी

इंग्लंडच्या विधिव्यवहारात ‘फॉरेस्ट’ हा शब्द मुळात झाडीचा वाचक नव्हता. ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन ‘फोरिस’ शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. आणि नॉर्मन राजांनी मृगयेसाठी सर्वसाधारण कायद्याबाहेर काढलेला प्रदेश, मग त्यात झाडे असोत, माळ असो वा गावे असोत, तो फॉरेस्ट. तेथील जमिनीचे स्वामित्व मॅनरच्या मालकांकडे, म्हणजे स्थानिक जहागीरदारांकडे, राहत असे. परंतु राजाच्या हरणांना अडथळा होईल असे कुंपण त्यांना आपल्याच जमिनीवर घालता येत नसे. लोकांना हा कायदा जाचक वाटे, आणि तो जाचक होताही. तथापि लंडनच्या ईशान्येस इसेक्स परगण्यातील एपिंगचे अरण्य शेवटी याच कायद्याच्या अवशेषांमुळे वाचले, ही गोष्ट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासात विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास राजसत्तेला मृगयेत स्वारस्य उरले नव्हते. १८५१ च्या कायद्याने एपिंगला लागून असलेल्या हेनॉल्टचे अरण्यत्व रद्द करण्यात आले आणि तेथील बहुतेक झाडी अल्पावधीत तोडून शेते करण्यात आली. एपिंगमध्ये राजाचे अरण्यहक्क जहागीरदारांना विकण्यात येऊ लागले. विकत घेणारे कुंपणे घालू लागले. शतकाच्या मध्यास सुमारे ६,००० एकर असलेली मोकळी भूमी पुढील वीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली.

या कुंपणांना पहिला विरोध झाला तो लॉटन गावच्या मजुरांकडून. ११ नोव्हेंबर ते २३ एप्रिल या काळात झाडांच्या फांद्या सरपणासाठी तोडण्याचा हक्क तेथील रहिवाशांना परंपरेने होता. झाडाचे खोड तसेच ठेवून माणसाच्या डोक्यावरच्या उंचीला शेंडा छाटावयाचा, म्हणजे नवे धुमारे गुरांच्या तोंडी लागत नाहीत, अशी ही पद्धत होती. (कोकणात राबासाठी टहाळ तोडणाऱ्या कुळाला ती समजावून सांगावी लागणार नाही. याच सुमारास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत टहाळाच्या हक्कावरून एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारने वनआयोग नेमला. तेथे मात्र प्रतिपक्ष जहागीरदार नसून सरकारचे वनखाते होते.) लॉटनचा जहागीरदार जॉन व्हिटाकर मेटलंड हा तेथील धर्मोपदेशकही होता. त्याने १८६५ च्या सुमारास अरण्याचा मोठा भाग बंदिस्त केला. टॉमस विलिंगेल या वृद्ध मजुराने व त्याच्या आप्तांनी कुंपण न जुमानता फांद्या तोडल्या, आणि त्यांपैकी काहींना तुरुंगवास घडला. १८६५ मध्येच स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटीने विलिंगेलच्या नावाने दावा चालविला. परंतु १८७० मध्ये तो वारला आणि दावाही त्याच्याबरोबर संपला. गरिबाच्या हक्काला त्याच्या आयुष्याएवढीच मुदत असावी, हा या प्रकारच्या दाव्यांतील मूळचाच दोष होता.

मृत्यू न येणारा वादी हवा होता, आणि तो लंडन सिटी कॉर्पोरेशनच्या रूपाने मिळाला. या संस्थेची हद्द जेमतेम एक चौरस मैलाची, आणि अरण्य त्या हद्दीपासून दूर. मग तिचा अधिकार कोणता? १८५० नंतरच्या दशकात नगरातील दफनभूमी अपुऱ्या पडल्यामुळे लिटल इलफर्ड येथे सुमारे २०० एकर जमीन नव्या दफनभूमीसाठी घेण्यात आली होती. त्या जमिनीला अरण्यात गुरे चारण्याचा जुना हक्क चिकटलेला होता. १८७१ मध्ये या हक्काच्या आधारावर नगराच्या जलनिःसारण आयुक्तमंडळाने, कारण दफनभूमी त्या मंडळाकडे होती, जहागीरदारांवर दावा दाखल केला. मोऱ्या-गटारांची व्यवस्था पाहणारे मंडळ दफनभूमीच्या नावावरील चराईसाठी भांडते, आणि त्यातून अरण्य वाचते, हा प्रकार चमत्कारिक वाटला तरी त्यामागचे कायदेशीर तर्कट पक्के होते.

प्रत्येक जहागिरीत तिच्याच कुळांना चराईचा हक्क, असे जहागीरदारांचे म्हणणे होते. ते मान्य झाले असते, तर एकेका गावाशी तडजोड करून सर्व भूमी बंदिस्त करता आली असती. १८७४ मध्ये न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी ते अमान्य केले. हरणांसाठी कुंपणे निषिद्ध असल्यामुळे गुरेही शतकानुशतके एका जहागिरीतून दुसरीत फिरत आली. अर्थात अरण्यातील कोणत्याही भागातील हक्कदाराचा हक्क संपूर्ण अरण्यावर चालतो, असा निर्णय झाला. १८५१ नंतरची कुंपणे बेकायदा ठरली.

जमीन ताब्यात घेण्यासाठी द्रव्य लागले, तेही जुन्या हक्कातूनच आले. लंडन बंदरात येणारे धान्य मोजण्याचा पुरातन अधिकार कॉर्पोरेशनकडे होता. १८७२ च्या कायद्याने त्याचे रूपांतर धान्यावरील एका ठराविक करात झाले आणि त्याचे उत्पन्न मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी राखून ठेवण्यात आले. लंडनच्या गरिबाने आपल्या पावाच्या किमतीत त्या अरण्याचा वाटा भरला, असे म्हणण्यास हरकत नाही. १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने कॉर्पोरेशन अरण्याचे संरक्षक झाले. हक्कदारांनी निवडावयाचे चार ‘व्हर्डरर’ व्यवस्थापक समितीत घेण्यात आले. भूमी सदैव मोकळी ठेवणे आणि तिचे नैसर्गिक स्वरूप जपणे ही कर्तव्ये संरक्षकांवर आली.

येथे ‘कॉमन’ या शब्दाचा अर्थ पालटला. पूर्वी तो विशिष्ट माणसांच्या विशिष्ट वस्तू घेण्याच्या हक्काचा वाचक होता : अमक्याला चारा, तमक्याला सरपण. यापुढे तो सर्वांना हिंडण्यास मोकळ्या असलेल्या, पण जेथून कोणी काही न्यावयाचे नाही अशा जागेचा वाचक झाला. चराईचा हक्क दाव्याचा आधार असल्यामुळे टिकला. ज्या हक्कासाठी लॉटनचे मजूर तुरुंगात गेले, तो फांद्या तोडण्याचा हक्क मात्र रद्द करण्यात आला. भरपाईच्या ७,००० पौंडांपैकी बहुतांश रकमेतून गावासाठी ‘लॉपिंग हॉल’ नावाचे सभागृह १८८४ मध्ये उभे राहिले. सभागृहाने चूल पेटत नाही, याची दखल घेण्याचे तत्कालीन सुधारकांना कारण वाटले नाही. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने अरण्याला भेट दिली, आणि त्या समारंभाची वर्णनेच अधिक लिहिली गेली.

नैसर्गिक स्वरूप म्हणजे काय, हा प्रश्न कायद्याने मोकळाच ठेवला होता. अरण्याचे ते स्वरूप कुऱ्हाडीने आणि गुरांच्या तोंडाने घडलेले होते. छाटणी थांबताच बीच व हॉर्नबीम यांच्या जुन्या खोडांवर जड माथे वाढले, सावली दाट झाली, खालची हरळी व फुलझाडे विरळ झाली. वाऱ्यात फांद्यांच्या भाराने कित्येक खोडे चिरली. गुरांची संख्याही घटत गेली, आणि गुरांच्या रोगाच्या संकटामुळे १९९६ मध्ये मुक्त चराई थांबली. २००२ मध्ये लॉंगहॉर्न जातीची गुरे संरक्षकांनी पुन्हा अरण्यात आणली. जुन्या झाडांचे शेंडे छाटण्याचे कामही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा सुरू झाले आहे. ते आता संरक्षकांच्या देखरेखीखाली पगारी माणसे करतात.